ओटीतला काडीकचरा

कापूस वेचणाऱ्याचं मन दिवसभर कुठे होतं, हे संध्याकाळी त्याच्या ओटीत दिसतं. फुटलेल्या बोंडाच्या पाकळ्या वाळून खडखडीत झालेल्या असतात, त्यांची टोकं नखाच्या कडेला शिरतात. बोंडाखालचं वाळलेलं पान हात लागताच चुरा होतं. लक्ष बोटांवर असेल तर बोटं वरून अलगद उतरतात, पाकळ्यांतला सगळा कापूस एका ओढीत सुटतो आणि पान झाडावरच राहतं. मन बाजारात किंवा बँकेत गेलं असेल तर तेच हात त्याच वेगानं चालत राहतात, किलोही तेवढेच भरतात. पण ओटीत पानाचा चुरा, काडी, बोंडाचं टरफल येतं. अळीनं डागाळलेली कवडी पांढऱ्याशुभ्र कापसात मिसळते आणि विकायला नेलं की त्या कवडीपायी सगळ्याच मालाचा भाव पडतो.

मनःशांतीबद्दल लिहायला इथून सुरुवात केली, कारण ही गोष्ट आपल्याकडच्या, म्हणजे विदर्भातल्या, माणसाला हातानं ठाऊक आहे. आपण म्हणतो, 'मन थाऱ्यावर नाही.' हात जिथे आहेत तिथेच मन असणं, हा मनाचा थारा. त्याला सजगता म्हणा, जागेपण म्हणा. ते आणायला घर सोडावं लागत नाही, वावर विकावं लागत नाही. रोज थोडा सराव मात्र लागतो, आणि तो कसा करायचा हे नीट सांगणारं कुणी भेटत नाही. 'डोळे मिटा आणि शांत व्हा' एवढं ऐकून माणूस दोन दिवस बसतो, तिसऱ्या दिवशी 'आपल्याच्यानं होत नाही बा' म्हणून सोडून देतो.

आधी भटकण्याबद्दल. 2010 साली हार्वर्ड विद्यापीठातल्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या दोघांनी 2250 प्रौढांना, त्यातले बहुतेक अमेरिकेतले, दिवसातून अवेळी फोनवर तीनच गोष्टी विचारल्या: आत्ता काय करता आहात, मन त्यातच आहे की दुसरीकडे, आणि बरं वाटतंय का. जवळपास 47 टक्के वेळा मन दुसरीकडे होतं. मन दुसरीकडे असताना माणसं कमी आनंदी होती. ते चांगल्या गोष्टीकडे गेलेलं असलं तरी, हातातल्या कामात असण्यापेक्षा जास्त सुख मिळत नव्हतं. म्हणजे भटकणं हा काही आपला वेगळा दोष नाही, सगळ्यांचं मन तसंच आहे. आपल्याकडे फरक एवढाच की ते ज्या वाटांनी भटकतं त्या काट्याच्या आहेत: पाऊस, भाव, कर्ज, पोरीचं लग्न, पोराची नोकरी.

संध्याकाळी कोठ्यात ढोरं बसली की रवंथ करतात. दिवसभर घाईघाईनं गिळलेलं परत तोंडात आणून बारीक करतात, म्हणून ते पचतं. माणूस खाटेवर पडून तेच करतो, पण त्याचं काही पचत नाही. मागच्या साली तूर आठ दिवस आधी विकली, भावानं मांडव परतणीला असं का म्हटलं, हेच चघळत राहतं. रात्री अकरा वाजता जे तोंडात होतं तेच दोन वाजताही असतं. हे चघळणं सुरू झालंय हे ध्यानात येणं, हीच पहिली पायरी. तिथे पोचायला श्वासाइतकं सोपं साधन दुसरं नाही.

पहाटे उठल्यावर तोंड धुवा, घोटभर पाणी प्या आणि शेण काढायला कोठ्यात जाण्याआधी ओट्यावर बसा. मोबाईल उघडण्याच्या आधी, हे महत्त्वाचं. बुडाखाली गोधडीची किंवा पोत्याची चार बोटं उंच घडी घ्या, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा खाली राहतात आणि पाठ आपोआप सरळ होते. सपाट फरशीवर बसलं की पाच मिनिटांत पाठीला पोक येतो आणि सगळं लक्ष दुखण्यावर जातं. गुडघे साथ देत नसतील तर खुर्चीवर बसा, तळवे जमिनीला टेकवा. बाजेवर नको. बाज झोळ खाते, पाठ वाकते आणि झोप येते.

मोबाईलचा अलार्म 10 मिनिटांवर लावून तो पालथा ठेवा. एक तळहात बेंबीवर ठेवा. श्वास आपला आपण चालू द्या. प्रत्येक उच्छ्वासाला मनात एक अंक म्हणा. एक ते दहा, मग परत एक. बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो, म्हणजे 10 मिनिटांत दहाची 12 ते 20 आवर्तनं होतात. पहिल्या आठवड्यात एकही आवर्तन न चुकता पूर्ण झालं नाही तरी वाईट वाटून घेऊ नका. चौथ्या अंकाला मन सोयाबीनच्या गंजीवर गेलेलं असेल. ते गेलं हे कळलं की परत 'एक' म्हणायचं.

हे 'कळलं' तेच खरं काम, आणि सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो. माणूस म्हणतो, 'माझे विचार थांबत नाहीत, म्हणून माझं ध्यान लागत नाही.' विचार थांबवायचेच नाहीत. डवरणी, म्हणजे उभ्या पिकातली कोळपणी, करताना बैल तास (पिकाची ओळ) सोडून बाजूला सरकतो, तेव्हा डवऱ्यामागचा माणूस कासऱ्याला हलका झटका देतो, बैल तासावर येतो. दर पन्नास पावलांवर हे होतं आणि त्याला कुणी डवरणी फसली असं म्हणत नाही, तीच डवरणी असते. कासरा रागानं हिसकला तर मात्र बैल बिथरतो आणि दोन्ही तासांतली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, तुडवतो. 'परत गेलं, हरामखोर मन' असं स्वतःवर चिडणं म्हणजे कासरा हिसकणं.

बाकीच्या चुकाही नेहमीच्याच आहेत. काही जण श्वास मुद्दाम खोल आणि भरभर ओढतात. मग डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याचा हा परिणाम आहे, कसली सिद्धी नाही. ओढणं सोडा, दोन मिनिटांत थांबतं. काहींची मोजणी दहाच्या पुढे सतरा, तेवीस अशी चालत राहते, म्हणजे तोंड मोजतंय आणि मन बाहेर गेलंय. कापूस वेचताना होतं तेच. काहींना झोप येते. रात्री पंपाची पाळी असेल, वीज अकरानंतर आली असेल आणि पहाटेपर्यंत दांडानं पाणी फिरवलं असेल, तर त्या दिवशी बसूच नका. झोपा. झोपेची उधारी श्वास मोजून फिटत नाही. आणि काही जणांना छातीकडे लक्ष दिलं की उलट धडधड वाढते. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, श्वास सोडून तळव्यांखालच्या गार फरशीवर लक्ष ठेवावं, किंवा बाहेरच्या आवाजांवर: कोंबडा, बादलीची कडी, लांबवरचा ट्रॅक्टर. तेही तेवढंच चांगलं.

एखाद्या दिवशी फार शांत वाटतं. दुसऱ्या दिवशी तीच शांती शोधत बसलं की ती मिळत नाही आणि चिडचिड होते. कालच्या पावसानं आजचं वावर ओलं राहत नाही. आज जे आहे ते मोजा.

डोकं तापलंय, हात थरथरतोय, अशा वेळी मात्र श्वास थोडा आपल्या हाती घ्यावा. चार अंकांत आत, सहा अंकांत बाहेर, दोन-तीन मिनिटं. अंक सेकंदाच्या चालीनं म्हटले तर मिनिटाला सहा श्वास होतात. यात चमत्कार काही नाही. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात. मेंदूपासून हृदयापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस हे काम करते. सोडणं लांबवलं की तिला जास्त वाव मिळतो. मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवून बघा. श्वास सोडताना नाडी सावकाश होते, ती बोटांना कळते.

आता वावर. बसून केलेली 10 मिनिटं ही मशागत आहे, पीक दिवसभराच्या कामात येतं. पण दिवसभर सजग राहीन असा संकल्प करू नका, तो सकाळी नऊपर्यंत मोडतो. एक काम धरा, 15 ते 20 मिनिटांचं. वेचणीच्या दिवसांत पहिलं तास, म्हणजे पऱ्हाटीची पहिली ओळ, धरा. दव उडाल्याशिवाय वेचणी सुरू करायची नसतेच, ओला कापूस गंजीत पिवळा पडतो. तेवढा वेळ धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून ऊन पाठीवर घ्या. मग पहिलं तास मोबाईलच्या गाण्याशिवाय वेचा. झाडाची खालची बोंडं आधी, मग वरची, म्हणजे वरच्या पानांचा चुरा खालच्या उघड्या कापसावर पडत नाही. लक्ष बोटांच्या टोकांवर ठेवा: पाकळीचं टोचणं, कापसाचा आतला गारवा, सुटताना होणारी बारीक ओढ. मन गेलं की त्याला एका शब्दात नाव द्या. 'हिशोब.' 'भांडण.' 'भाव.' 'लग्न.' नाव दिलं की पुढच्या बोंडावर या. नावापुढे चर्चा नको. 'हिशोब' म्हटल्यावर हिशोब करत बसलात तर नाव देण्याचा उपयोग गेला.

तास संपलं की ओटीत पाहा. पानाचा चुरा निवडून टाका. किती आहे त्यावरून मन किती वेळ बाहेर होतं ते समजतं. त्यापलीकडे त्याचा अर्थ काढू नका, स्वतःला बोल लावू नका. आठ-दहा दिवसांत चुरा कमी होतो आणि बोटांना काटेही कमी लागतात.

सोबतिणींच्या गप्पा, गाणी बंद करा असं मी मुळीच म्हणणार नाही. मजुरीवर वेचणाऱ्या बाईला दिवसभरात तेवढाच विसावा असतो, आणि मन लावून ऐकलेली गप्पा हेही जागेपणच आहे. एक तास स्वतःचं, बाकी सगळी सगळ्यांची. पहिल्या वेचणीला आपल्याकडे सीतादही करतात, वावरात दहीभात ठेवून पूजा करतात आणि मगच हात लावतात. हंगामाच्या सुरुवातीला मुद्दाम थांबायची ही रीत घरात चालू असेल तर ती घाईत उरकू नका.

वेचणी संपल्यावर दूध काढणं धरा. गाय माणसाचं मन आपल्या आधी ओळखते. चिडलेल्या, धसमुसळ्या हातांनी दूध काढायला बसलं की ती पान्हा चोरते. गाय घाबरली किंवा बावरली की तिच्या शरीरात असं द्रव्य सुटतं की पान्हा सोडवणारं ऑक्सिटोसिन कामच करू शकत नाही. कास धुतल्यावर सुटलेला पान्हा पाच ते सात मिनिटं टिकतो, तेवढ्यात काढलं तर काढलं. म्हणजे पाच-सात मिनिटांचा हा नेमका बांधलेला सराव आहे, रोज दोनदा. धारेचा बादलीतला आवाज आधी टणटण येतो, मग फेस चढला की घुमा होतो. तो आवाज बदलतो ती वेळ सुटली नाही, इतकं लक्ष पुरे.

बायांना स्वतंत्र 10 मिनिटं मिळणं कठीण असतं, आणि मनःशांतीवर लिहिणारे हे सहसा सांगत नाहीत. पहाटे पाणी, चूल, डबे, लेकरं. तिनं भाकरीवर सराव करावा हे खरं आहे. ज्वारीची भाकर तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा असतो. मन गेलं, उशीर झाला, की पृष्ठभाग सुकतो आणि भाकरीला भेगा पडतात, मग ती फुगत नाही. पण एवढ्यावर तिची बोळवण करू नये. घरातल्या पुरुषानं किंवा मोठ्या पोरानं ती 10 मिनिटं लेकरू धरावं, पाणी भरावं, तिला ओट्यावर बसू द्यावं. शांत घर हवं असेल तर शांत बसायची जागा वाटून घ्यावी लागते.

काळजीचं काय करायचं, हा सगळ्यात अवघड भाग, म्हणून इथे थोडं थांबू. काळजी दोन जातींची असते. एकीच्या पोटात काम असतं, दुसरीच्या नसतं. अंधारात दोन्ही सारख्याच दिसतात. त्यासाठी शंभर पानी वही घ्या. संध्याकाळी दिवे लागल्यावर 15 मिनिटं, अंथरुणात नाही. डाव्या पानावर काळजी लिहा, समोर उजव्या पानावर उद्या करता येईल असं काम. काम नसेल तर आडवी रेघ मारा. दिवसभरात काळजी आली की तिला म्हणायचं, 'संध्याकाळी वहीत.' सुरुवातीला ती ऐकत नाही. वही रोज ठरल्या वेळी उघडली जाते हे मनाला पटलं की ऐकू लागते. दोन दिवस वही उघडली नाही तर परत रात्री अकराला येऊन बसते.

जूनमधली बेचैनी घ्या. मृग लागला, एक-दोन सरी आल्या, शेजाऱ्यानं सरकी टोबली. आता पोटात गोळा येतो: आपण मागे राहिलो. ही बेचैनी सहन होत नाही म्हणून माणूस पेरतो. पुढे पंधरा दिवस पाऊस उघडतो, उगवलेलं करपतं आणि दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर येतं. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. तो आकडा सगळ्यांना ठाऊक असतो. मोजतो कोण? सरळ उभ्या भिंतीचं स्टीलचं भांडं अंगणात उघड्यावर, झाडापासून आणि वळचणीपासून लांब ठेवा. सकाळी त्यात पट्टी उभी करा. पाणी 22 मिलिमीटर भरलं तर पाऊस 22 मिलिमीटर झाला. बुडाशी निमुळतं भांडं चालत नाही, आकडा खोटा येतो. मोजून वहीत बेरीज लिहा. पोटातला गोळा तसाच राहील कदाचित, पण आता त्याच्या शेजारी '41' असं लिहिलेलं असेल, आणि पेरायचं की थांबायचं हे गोळ्याला विचारावं लागणार नाही.

बोंडअळीचंही तसंच. 'अळी पडली असेल' ही भीती घरी बसून वाढते. एकरात वेगवेगळ्या झाडांची 20 हिरवी बोंडं तोडा, धुऱ्यावर बसा, एक-एक फोडून पाहा. दोनात अळी किंवा तिचं नुकसान दिसलं तर ते दहा टक्के झालं, फवारणीचा विचार करायची पातळी. कामगंध सापळा (मादीच्या गंधानं नर पतंग ओढणारा) लावला असेल तर सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले का ते पाहा. हे शेतीचं ज्ञान झालं, पण मनाचंही काम हेच आहे: जे असेल ते पाहणं, जे वाटतंय ते आणि जे आहे ते वेगळं ठेवणं. वीस बोंडं फोडणारा माणूस अर्धा तास पूर्ण जागा असतो.

कर्जालाही वही लागते. कुणाचं, किती, व्याज काय, मुदत कधी, सगळं एका पानावर. श्वास मोजल्यानं हप्ता भरला जात नाही आणि कापसाचा भाव वाढत नाही. जो कुणी शांतीच्या नावाखाली शेतकऱ्याला गप्प बसायला सांगत असेल त्याचं ऐकू नये. भावासाठी मोर्चाला जायचं असेल तर जावं. शांत डोक्यानं गेलेला माणूस तिथे जास्त नीट बोलतो.

मोबाईलबद्दल थोडक्यात. भाव दिवसातून एकदा पाहा, बाजार समितीतले सौदे आटोपल्यावर. सकाळपासून दहादा पाहिल्यानं क्विंटलमागे एक रुपयाही बदलत नाही, मन मात्र दहादा वरखाली होतं. उठल्यावर पहिला अर्धा तास आणि झोपायच्या आधीचा अर्धा तास मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. अलार्मसाठी उशाशी हवा, ही सबब असेल तर साधं घड्याळ आणा.

काही दुखणी या सरावाच्या आवाक्याबाहेरची असतात, आणि विदर्भात राहून हे न लिहिणं बरोबर नाही. दोन आठवडे सलग मन उदास आहे, पहाटे तीनला जाग येते ती परत डोळा लागत नाही, जेवण जात नाही, वावरात पाऊल टाकवत नाही, 'आपण नसलेलं बरं' असं वाटतं किंवा बोलण्यात येतं: हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. अशा माणसाला 'ध्यान कर, बरं वाटेल' म्हणून एकटं बसवू नका. एकांतात त्याचं चघळणं वाढतं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदत सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ असतात. गोळ्या सुरू असतील तर बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका. आणि घरात असा माणूस असेल तर फवारणीची औषधं त्याच दिवशी घराबाहेर काढा. पेटीत कुलूप घालून दुसऱ्याकडे ठेवा, किल्ली त्याला ठाऊक नसावी. ती वाईट लाट बहुधा ओसरणारी असते. त्या वेळी हाताशी डबा नसणं यानं जीव वाचतो. त्याला सरळ विचारायलाही भिऊ नका: 'जिवाचं काही करायचं मनात येते का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

दारूबद्दल एकच गोष्ट. ती झोप लावते, पण रात्रीच्या दुसऱ्या प्रहरानंतर तीच झोप मोडते. म्हणून पिणाऱ्या माणसाची पहाट इतकी जड असते.

दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराबद्दल लोक विचारतात. शिबिराला फी नाही, पहाटे चारला उठायचं, दिवसाला जवळपास दहा तास बसायचं, पूर्ण मौन. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष, चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना. चांगलं आहे, पण घरी आधी दोन महिने रोज 10 मिनिटं बसून मगच जा, आणि मनाचा गंभीर आजार झालेला असेल तर अर्जात तो लपवू नका. वेळही पाहून जा. वेचणीच्या भरात गेलेला माणूस दहाही दिवस मनानं वावरातच असतो.

एकट्याचा सराव तीन आठवड्यांनी ढिला पडतो. तेव्हा गावात जे आहे त्याला धरा. तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना गावोगाव रुजवली, ती अजून कितीतरी गावांत संध्याकाळी होते. विहारात वंदना होते. विनोबांनी 1959 साली पवनारला धाम नदीच्या काठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं, तिथे शेतातलं श्रम आणि ध्यान एकाच दिवसाच्या वेळापत्रकात आहेत. तुमची श्रद्धा जिथे असेल तिथे जा. तुकडोजी महाराज 1968 च्या ऑक्टोबरात गेले. त्यांच्या पुण्यतिथीला मोझरीत, त्यांच्या आश्रमाच्या गावी, दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी सगळा जनसमुदाय मौन पाळतो. इतकी माणसं एकदम गप्प झाल्यावर जे ऐकू येतं, झेंड्याचं फडफडणं, लेकराचं कुरकुरणं, ते एरवी ऐकूच येत नाही.

गावच्या प्रार्थनेत हे रोज दोन मिनिटं करता येतं. शेवटची ओळ संपली की लगेच उठू नका, शेजाऱ्याशी बोलू नका, चप्पल शोधू नका. एकानं हातातल्या घड्याळाकडे पाहावं, बाकीच्यांनी डोळे मिटून आपापले उच्छ्वास मोजावेत. दोन मिनिटांत साधारण तीस होतात. घड्याळवाल्यानं टाळ एकदा हलका वाजवावा आणि त्याचा नाद पूर्ण विरल्यावर उठावं. पहिल्या दिवशी कुणीतरी खोकेल, कुणाचा तरी मोबाईल वाजेल. दुसऱ्या दिवशी मोबाईल घरी ठेवून यायला सांगा.